थकबाकीदारांची यादी आणि इतर अप्रकाशित साहित्य

रत्नागिरीचं वाचनालय १८२८चं, नाशिकचं १८४०चं, पुण्याचं १८४८चं, ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३चं आणि मुंबईचं १८९८चं. ही सनावळी कुठल्याही वाचनालयाच्या वर्धापनदिनाला एकदा तरी ऐकावी लागते. पाठोपाठ ‘वाचनसंस्कृती’ येते, मग शाल, श्रीफळ आणि चहा. पाहुणे गाडीत बसले की मागच्या खोलीत चर्चा होते ती मात्र एकाच विषयावर : यंदा वर्गणी किती जमली आणि कोण कोण सटकलं? तालुक्याच्या गावातल्या एका जुन्या वाचनालयात मी बरीच वर्षं सहचिटणीस होतो. चिटणिसांना जे करायचं नसतं ते सहचिटणिसानं करायचं असतं, आणि थकलेली वर्गणी वसूल करणं हे त्यातलं पहिलं. पुढचे किस्से वार्षिक अहवालात सापडणार नाहीत. अहवाल मीच लिहायचो, तेव्हा खात्रीनं सांगतो.

पूर्वी आम्ही थकबाकीदारांना पोस्टकार्डं पाठवायचो. ‘आपली वर्गणी अमुक महिन्यापासून येणे आहे, तरी सत्वर भरून उपकृत करावे.’ पोस्टकार्ड उघडं असतं, हा त्याचा मुख्य गुण. पोस्टमन वाचतो, तळमजल्यावरचे वाचतात आणि सभासदाच्या हाती पडेपर्यंत त्याची अब्रू वाड्याला प्रदक्षिणा घालून आलेली असते. वसुली बरी व्हायची, पण दर वर्षी दोन-चार भांडणंही ठरलेली. मग एका तरुण खजिनदारांनी सुचवलं, कार्डांचा खर्च कशाला, सरळ फलकावर यादी लावू. कार्यकारिणीत मोठा वाद झाला. ‘लोक दुखावतील’ असं कळवळून म्हणणारे सगळेच यादीत आहेत, हे खजिनदारांनी शांतपणे वाचून दाखवलं आणि ठराव एकमतानं मंजूर झाला.

त्या फलकावर आम्ही आजवर नव्या पुस्तकांची नावं लावली, कवींचे फोटो लावले, सुविचार तर रोज लावले. कोणी ढुंकून पाहिलं नव्हतं. यादीपुढे मात्र गर्दी हटेना. ज्यांची नावं नव्हती तेही सकाळ-संध्याकाळ येऊन वाचून जात (वाचनसंस्कृती म्हणतात ती हीच असावी). तिसऱ्या दिवशी एक निवृत्त गृहस्थ तणतणत काउंटरवर आले. आम्ही मनातल्या मनात माफीची वाक्यं जुळवत होतो.

“माझं नाव का नाही यादीत?”

“तुमची बाकी नसेल काही, साहेब.”

“नसेल? अहो, चार वर्षं एक पैसा भरलेला नाही मी!”

खतावणी काढून पाहिली. नियमाप्रमाणे त्यांचं नाव केव्हाच कमी झालं होतं. चार वर्षं आपण सभासद नाही हे वाचनालयाला ठाऊक होतं आणि आपल्यालाच नव्हतं, हा घाव मोठा होता. त्यांनी चारही वर्षांची बाकी रोख मोजली, नव्यानं अनामत भरली आणि जाता जाता बजावलं, “पुढच्या वेळी थकलं तर नाव लावत चला. मोठ्या अक्षरात.”

*

सभासद टिकवण्याची खरी युक्ती कोणत्याही अहवालात नसते. ती नियमावलीत, अगदी शेवटच्या पानावर असते : ‘अनामत रक्कम परत हवी असल्यास मूळ पावती सादर करावी.’ नाव काढायला आलेला माणूस या वाक्यापाशी थबकतो. वडिलांनी कधी काळी भरलेल्या पन्नास रुपयांची पावती कोणाच्या घरात सापडणार? ‘शोधतो आणि येतो’ म्हणून जो जातो तो पुढच्या महिन्यात वर्गणीच भरतो. एक गृहस्थ मात्र जिद्दीचे निघाले. माळ्यावरच्या ट्रंका उतरवून त्यांनी चार दिवस पावती शोधली. पावती मिळाली नाही. आमच्याच शिक्क्याची तीन पुस्तकं मिळाली, त्यातलं एक वडिलांच्या नावावर तीस वर्षं ‘गहाळ’ म्हणून नोंदलेलं. पुस्तकं पिशवीत घालून ते आले तेव्हा अनामतीचा विषय त्यांनी काढला नाही आणि दंडाचा आम्ही काढला नाही. दोन्ही पक्षांनी सभ्यपणे वर्गणीची पावती फाडली.

*

आता दिवाळी. ‘मनोरंजन’कार का. र. मित्र यांनी १९०९ साली पहिला दिवाळी अंक काढला, हे सर्वांना माहीत आहे. त्या अंकानं मराठी साहित्याचं काय भलं केलं यावरही पुष्कळ लिहून झालंय. वाचनालयांच्या किर्दीचं त्यानं काय भलं केलं, हे मात्र कोणी लिहीत नाही. दहा महिने न फिरकलेला सभासद लक्ष्मीपूजनाच्या आसपास उगवतो आणि विचारतो, “योजना सुरू झाली का?” योजना म्हणजे एकदाच ठरावीक रक्कम भरायची आणि मार्चपर्यंत हवे तेवढे अंक न्यायचे. त्याला आमची एक बारीक अट : आधी मागची वर्गणी चुकती. वर्षभर पोस्टकार्डांना न बधलेली माणसं या अटीपुढे निमूट पाकीट काढतात.

अंक आले की मागच्या खोलीत छोटासा कारखाना चालतो. प्लास्टिकची कव्हरं, दाभण, दोरा, शिक्का. शिक्का पहिल्या पानावर, शेवटच्या पानावर आणि शिवाय आतल्या एका ठरलेल्या पानावर, जे फक्त बाईंना माहीत. (बाई म्हणजे आमच्या ग्रंथपाल. पदाचं नाव काहीही असो, गावात त्या बाईच.) कुठला अंक कसा फिरतो याचं बाईंचं शास्त्र वेगळं होतं. वैचारिक अंक आदरानं चाळले जातात आणि आदरानंच जागेवर ठेवले जातात. राशिभविष्याचे अंक रॅकवर टेकतच नाहीत. हातातून हातात जातात. आणि ‘आवाज’मधली ती प्रसिद्ध खिडकीचित्रं! ती पानं संक्रांतीपर्यंत टिकली तर गाव सोवळं झालं असं समजावं. एकदा एका अंकातली खिडकी नेमकी कापून नेलेली निघाली. बाईंनी देवघेवीची नोंद पाहिली, चोर ओळखला आणि कोणालाही काही सांगितलं नाही. पुढची कित्येक वर्षं ते प्रतिष्ठित गृहस्थ मार्च उजाडायच्या आत वर्गणी भरून जात. बाई पावती देताना फक्त इतकंच म्हणत, “यंदा खिडकी चांगली आहे हं.”

गावात दुसरंही एक वाचनालय होतं. आमचं आणि त्यांचं वैर तीन पिढ्यांचं. कारण कोणालाच नीट सांगता येत नसे, त्यामुळे ते मिटवताही येत नसे. दिवाळीत हे वैर एका प्रश्नावर येऊन ठेपायचं : अंक आधी कोणाकडे येणार? ज्याच्याकडे आधी, त्याच्याकडे नवे सभासद. म्हणून आमचा शिपाई पहाटेच्या पहिल्या एसटीनं पुण्याला जायचा, स्वारगेटहून अप्पा बळवंत चौक गाठायचा आणि संध्याकाळच्या गाडीनं गठ्ठे घेऊन यायचा. त्यांचाही माणूस त्याच एसटीनं जायचा. दोन्ही कार्यकारिणींची समजूत अशी की हे दोघं एकमेकांचं तोंड पाहत नाहीत.

एका वर्षी आमच्याकडे गठ्ठे उघडले तर आतल्या यादीवर नाव त्यांचं. तिकडे त्याच वेळी आमचे गठ्ठे उघडले जात होते. चौकशीअंती जे बाहेर आलं ते असं. दोघं शेजारी बसून जायचे, स्वारगेटहून एकच रिक्षा करायचे (भाडं मात्र दोन्हीकडे पूर्ण लावलेलं), एकाच दुकानात एकत्र खरेदी दाखवून वाढीव सवलत घ्यायचे आणि परतीच्या एसटीत सगळे गठ्ठे एकाच सीटखाली सरकवून झोपायचे. त्या रात्री उतरताना अंधारात अदलाबदल झाली, इतकंच. आमच्या अध्यक्षांनी ‘शत्रूशी संगनमत’ हे शब्द इतिवृत्तात घालायला लावले. खजिनदारांनी मात्र दोघांनी मिळवलेल्या सवलतीचा आकडा पाहिला आणि तो कागद घडी करून खिशात टाकला. पुढच्या वर्षीपासून एकच माणूस पुण्याला जाऊ लागला आणि दुसरा त्या दिवशी घरी फराळ करू लागला. वैर चालूच होतं. फक्त त्याची वाहतूक एका खर्चात व्हायला लागली.

*

बाईंच्या टेबलाला उजव्या हाताला एक खण होता. त्यात डिंकाची बाटली, शाईचा पॅड, तारखांचा रबरी शिक्का, सुपारीची डबी आणि कायम सात-आठ पुस्तकं. प्रत्येकात एक चिठ्ठी, चिठ्ठीवर खातेक्रमांक. नवं पुस्तक आलं की बाई ते रॅकवर लावण्याआधी मिनिटभर हातात धरून विचार करत आणि मग खणात टाकत. ‘मृत्युंजय’ तिसऱ्यांदा मागणारी कॉलेजची मुलगी, फक्त प्रवासवर्णनं वाचणारे आणि गावाबाहेर कधी न गेलेले पोस्टमास्तर, सुहास शिरवळकरांच्या कादंबऱ्या संपवून ‘आता काय?’ विचारणारा रिक्षावाला, सगळ्यांचे क्रमांक बाईंना तोंडपाठ. माणूस दारात दिसला की त्या नावानं हाक न मारता म्हणायच्या, “४१७, तुमचं आलंय.”

सर्वसाधारण सभेत यावर लेखी तक्रार आली. ‘ठरावीक सभासदांसाठी पुस्तके दडवून ठेवली जातात. हा पक्षपात आहे.’ मुद्दा बिनतोड होता. समितीनं खण बंद केला आणि पारदर्शक म्हणून ‘मागणी नोंदवही’ सुरू केली : रकाने आखलेले, पेन दोरीनं बांधलेलं. पहिल्या महिन्यात तिच्यात तीन मागण्या आल्या. त्यातल्या दोन ‘पंखा दुरुस्त करावा’ अशा होत्या. आणि पुढच्या काही महिन्यांत एकेक जुना सभासद काही न बोलता पातळ होत गेला. वर्गणी थकली नव्हती. माणसं यायची थांबली होती, आणि मार्चअखेर ती भरणार नाहीत हे सांगायला ज्योतिषाचा अंक लागत नव्हता.

अध्यक्षांनी बाईंना बोलावून घेतलं आणि ‘तोंडी’ परवानगी दिली. खण पुन्हा उघडला. माणसं परतली. तक्रार कोणी केली होती हे मला अर्ज पाहून आधीच ठाऊक होतं, पण तिचं कारण नंतर बाईंकडून कळलं. तक्रारदार स्वतः खणवाल्यांपैकीच होते. एकदा त्यांच्या चिठ्ठीचं पुस्तक चुकून दुसऱ्याला गेलं होतं. पक्षपाताबद्दल त्यांची हरकत नव्हती, त्यातल्या ढिसाळपणाबद्दल होती.

*

सभासद टिकवण्यामागे एक सरकारी कारणही असतं, त्याबद्दल व्यासपीठावरून कोणी बोलत नाही. १९६७च्या सार्वजनिक ग्रंथालय कायद्याखाली मान्यता मिळालेल्या ग्रंथालयांना अ, ब, क, ड असे वर्ग असतात. वर्गावर अनुदान ठरतं आणि वर्ग ठरवताना पुस्तकांबरोबर सभासदही मोजले जातात. २०१२ साली महसूल खात्याकडून राज्यभर ग्रंथालयांची पडताळणी झाली आणि कागदावरच्या वाचनालयांच्या कथा वर्तमानपत्रांत रंगल्या, त्या तुम्ही वाचल्याच असतील. आमचं वाचनालय कागदावरचं नव्हतं. थोडे सभासद मात्र होते.

तपासणी जवळ आली की पदाधिकारी आपापल्या घरातली नावं यादीत घालत आणि वर्गणी खिशातून भरत. फसवणूक म्हणा हवं तर. आम्ही तिला ‘कौटुंबिक सदस्यत्व’ म्हणायचो. अशाच एका मार्चमध्ये अध्यक्षांनी आपल्या सासूबाईंचं नाव घातलं. त्यांना अर्थात विचारलं नाही. पावती अध्यक्षांच्या सदऱ्याच्या खिशात राहिली, सदरा धुवायला पडला आणि पावती सासूबाईंच्या हाती लागली.

दुसऱ्या दिवशी दुपारी चार वाजता त्या नऊवारी सावरत काउंटरवर हजर. “माझी वर्गणी भरली आहे म्हणे. मग पुस्तक द्या.” बाईंनी दिलं. दोन दिवसांत परत आल्या. मग दर दोन दिवसांनी. कथा संपल्या, कादंबऱ्या संपल्या, चरित्रांचा रॅक अर्धा झाला. जावयाच्या घरी चार वाजताचा चहा बंद पडला, कारण त्या वेळी सासूबाई वाचनालयात. तपासणी अधिकाऱ्यांनी देवघेवीची नोंदवही उघडली तेव्हा सगळ्यात जास्त नोंदी ज्या खात्यावर होत्या ते हे. अधिकारी प्रसन्न झाले, वर्ग टिकला.

इथवर सगळं ठीक होतं. पण वाचायची सवय लागली की माणूस काहीही वाचतो. त्या वर्षीच्या सर्वसाधारण सभेत सासूबाई पहिल्या रांगेत बसल्या आणि छापील ताळेबंद हातात धरून त्यांनी अध्यक्षांना विचारलं, “किरकोळ खर्च एवढा कसा हो?” जावयाला ‘अहो-जाहो’ घालण्याची त्यांची रीतच होती, पण त्या दिवशी तो ‘हो’ सभागृहात फार वेळ घुमला. पुढच्या वर्षी कौटुंबिक सदस्यत्वाची प्रथा अध्यक्षांनी स्वतःहून बंद केली.

*

निवडणुकीबद्दल थोडक्यात सांगतो, कारण सगळ्या संस्थांची एकच कथा असते. निवडणुकीच्या आधी आजीव सभासदांचे अर्ज गठ्ठ्यानं येतात. सगळ्यांचं अक्षर एक, शाई एक, रकमेचा धनी एक. एका पॅनेलच्या पुढाऱ्यानं असे पन्नास-साठ जण भरले. मतदानाच्या सकाळी दुसऱ्या पॅनेलनं त्यांच्यासाठी रिक्षा आणि मिसळ ठेवली, आणि निकाल मिसळीच्या बाजूनं लागला. आजीव वर्गणीतून आलेल्या पैशांत आम्ही गळका पत्रा बदलला. तो आजही दुरुस्त अवस्थेत आहे आणि खासगीत त्याला ‘पराभूत पॅनेलचा पत्रा’ म्हणतात. ते पन्नास-साठ जण नंतर कोणी पाहिले नाहीत. वार्षिक सभा नेहमीप्रमाणे गणपूर्तीअभावी अर्धा तास तहकूब होऊन त्याच जागी, त्याच दहा माणसांत पार पडते.

*

करोनात वाचनालयं बंद झाली ती महाराष्ट्रात १५ ऑक्टोबर २०२०ला उघडली, नेमक्या वाचन प्रेरणा दिनी. सरकारी आदेशाला इतका विनोद कळत असेल असं वाटलं नव्हतं. उघडल्याबरोबर पहिला प्रश्न आला : बंद काळातली वर्गणी घ्यायची का? एक प्राध्यापक सर्वांत तावातावानं भांडले. “सेवाच दिली नाही, तर पैसे कसले? सात महिने मी तुमचा काडीचा उपयोग केलेला नाही.” बोलता बोलता त्यांनी मार्चमध्ये नेलेली चार पुस्तकं टेबलावर ठेवली. बाईंनी सवयीनं पानं चाळली. चारही पुस्तकांत पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत पेन्सिलीनं ऱ्हस्व-दीर्घ दुरुस्त केलेले. एका पुस्तकात तर आधीच्या दुरुस्तीवर पुन्हा दुरुस्ती. बाई काही बोलल्या नाहीत. खोडरबर काढून त्यांनी सरांपुढे ठेवला. सरांनी एकदा त्या चार पुस्तकांकडे पाहिलं, मग खोडरबराकडे, आणि पूर्ण वर्गणी भरली.

*

त्यानंतर संगणक आला. जुनी खाती भरून झाल्यावर थकबाकीचे संदेश आपोआप मोबाइलवर जाण्याची सोय होती. पण ज्या खात्यांना शेवटच्या वर्गणीची तारीख भरायची राहिली होती तिथे यंत्रानं स्वतःच्या मनानं १ जानेवारी १९७० धरली. संगणकांचा काळ म्हणे तिथूनच सुरू होतो. एका रविवारी सकाळी गावातल्या शेकडो फोनांवर पन्नास वर्षांहून जास्त थकबाकी एकदम वाजली. तेव्हा जन्मालाही न आलेल्या सभासदांना १९७०पासूनचं बिल गेलं होतं. दुपारपर्यंत वाचनालयात जी गर्दी झाली तशी एकाही व्याख्यानाला झालेली नाही, आणि आलेल्यांपैकी बऱ्याच जणांनी जाताना पुस्तकही नेलं.

सगळ्यांची समजूत घालून झाल्यावर एक वयोवृद्ध सभासद आले. हातात लोखंडी तारेत ओवलेल्या पावत्यांची चळत. खरोखरच १९७०पासूनचे सभासद होते ते, आणि प्रत्येक वर्षाची पावती जपलेली. “माझ्यावर बाकी काढता?” असं म्हणून त्यांनी ती चळत टेबलावर आपटली आणि साल उच्चारत एकेक पावती उलटायला सुरुवात केली. आम्ही सगळे मान खाली घालून ऐकत होतो. १९८४, १९८५, १९८६, १९८८...

ते थांबले. मागे गेले. पुन्हा पुढे आले. १९८७ नव्हतं. बाईंनी जुनी किर्द काढली, तिथेही नव्हतं. आजोबांनी चष्मा पुसला, पाकीट काढलं आणि विचारलं, “तेव्हा दर काय होता?” तो सांगितल्यावर ते त्याच दरानं भरायला तयार झाले, खजिनदार आजच्या दरावर अडून बसले आणि बाईंचं म्हणणं पडलं की कालबाह्य बाकी नियमाप्रमाणे घेताच येत नाही. प्रश्न कार्यकारिणीकडे गेला. दोन सभांत त्यावर एकमत झालेलं नाही आणि निकाल लागेपर्यंत पुढची वर्गणी भरणार नाही, असं आजोबांनी लेखी कळवलं आहे.